चर्चच्या आवारातील माती कोणासाठी?

सध्या आपल्या धर्मग्रामांत आवार फरसबंद करण्याची साथ आली आहे. पालक संताच्या सणाआधी, रौप्यमहोत्सवाआधी, महागुरुस्वामींच्या भेटीआधी वर्गणी जमते आणि चर्चभोवतालची माती पेव्हर ब्लॉकखाली जाते. चिखल होत नाही, गाड्या उभ्या करता येतात, छायाचित्रे चांगली येतात. पुढे पावसाचे पाणी जमिनीत न मुरता गटाराला जाते, आवारातील विहीर लवकर आटते, आणि मग त्यावर उपाय म्हणून नव्या कूपनलिकेसाठी पुन्हा वर्गणी काढली जाते.

या साथीविरुद्ध आम्हांस बोलायचे आहे, आणि ते केवळ झाडांच्या किंवा शोभेच्या बाजूने नव्हे. आमचे म्हणणे असे : ज्या धर्मग्रामात एक जरी भूमिहीन कुटुंब आहे, त्या धर्मग्रामाला आपल्या ताब्यातील पिकाऊ माती दगडाखाली गाडण्याचा नैतिक अधिकार नाही. ती माती त्या कुटुंबांना भाजीपाला पिकवण्यासाठी मोजून दिली पाहिजे.

हे वाचून काहींच्या चेहऱ्यावर स्मित येईल. परसबाग म्हणजे सेवानिवृत्तांचा विरंगुळा, असा आपला समज झाला आहे. कुंडीतली चार मिरच्यांची रोपे, गच्चीवरची तुळस, फार तर एक कढीपत्ता. त्यावर एवढा आवेश कशासाठी, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही वाचकांना मराठवाड्यात नेऊ इच्छितो.

धरण समोर, ताट कोरडे

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. येलदरीच्या खालच्या अंगाला असलेले हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांचे पाणी हिंगोली, परभणी आणि नांदेड या तीन जिल्ह्यांतील शेतांना जाते. मराठवाडा म्हटले की 'पाणीच नाही' हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असते. सिद्धेश्वरच्या परिसरात ते वाक्य वर्षानुवर्षे लागू पडत नाही, म्हणूनच आम्ही हे गाव उदाहरणासाठी घेतले.

या पाण्याने काय पिकते? सोयाबीन, कापूस, ऊस आणि हळद. हिंगोलीची हळदीची बाजारपेठ राज्यातील मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतकऱ्याच्या कष्टाचा तो गौरव आहे आणि त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. परंतु ही सारी पिके पोत्यात भरून बाजाराला जाणारी आहेत. मजुराच्या ताटात त्यांपैकी काही उतरत नाही, हळदीची चिमूट सोडली तर. कालव्याचे पाणी सातबारावर मिळते. ज्याचे नाव सातबारावर नाही, त्याच्या दृष्टीने धरण हे दुरून पाहायचे एक दृश्य आहे.

मराठवाड्यातील आपले बहुसंख्य ख्रिस्ती बांधव याच दुसऱ्या वर्गातले आहेत. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. मराठवाड्याचे सर्व जिल्हे, हिंगोलीसह, त्यात येतात. या धर्मप्रांतातील श्रद्धावंतांत शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि अल्पभूधारक यांची संख्या मोठी आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या वाचकाने हे ध्यानात ठेवावे की, मिस्साबलिदानात आपल्याबरोबर एकच भाकर वाटून घेणाऱ्या या कुटुंबांपैकी अनेकांकडे कोथिंबिरीची जुडी पेरण्याएवढीही हक्काची जमीन नाही.

पूर्वी भूमिहीन मजूर स्त्रीलाही शेतातून भाजी मिळत असे. निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी परतताना पदरात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर बांधून आणी. मालकाच्या दृष्टीने ते तण होते, तिच्या चुलीवर ते कालवण होते. आज सोयाबीनच्या शेतात तणनाशक फवारले जाते. एका फवाऱ्यात तिची निंदणीची मजुरी गेली आणि पदरातली भाजीही गेली. या दुहेरी नुकसानीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. आता तीच भाजी तिने आठवडी बाजारातून विकत घ्यावी, अशी व्यवस्था झाली आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा तिच्या घरी काय शिजले असेल, याचा विचार आपण केला काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी जवळजवळ एकोणसत्तर मुले रक्तक्षयाने पीडित होती. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा ५४ होते. पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. हे आकडे संपूर्ण राज्याचे आहेत. त्यांत मलबार हिलही येते आणि ऊसतोडीचा तळही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. पाच माणसांच्या घराला याचा हिशेब लावला तर रोज सुमारे दोन किलो भाजी लागते. रोजंदारीवरच्या कोणत्या घरात रोज दोन किलो भाजी विकत येते?

परसबागेने रक्तक्षयाचे समूळ उच्चाटन होईल, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. लोहाच्या गोळ्या, जंतनाशके, डाळी, दूध, अंडी यांची गरज आहेच. परंतु शेवग्याचा पाला, अंबाडी, तांदुळजा, चुका आणि त्यावर पिळायला लिंबू, हे जर दाराशी असेल तर ताटातील उणीव काही अंशी तरी भरून निघते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते, हे शाळेतल्या मुलांनाही शिकवले जाते. शिकवायचे आणि लावायला माती मात्र द्यायची नाही, हा कसला न्याय?

आपल्याच परंपरेतील एक विसरलेले पान

मजुराला बागेसाठी जमिनीचा तुकडा द्यावा, ही कल्पना आमच्या पदरची नाही. ती ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीच्या उगमाशीच आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. कामगाराला काटकसरीतून स्वतःची जमीन घेता आली पाहिजे, आणि जी माती आपली आहे तिच्यात माणूस अधिक मनापासून राबतो, असा विचार त्यांनी त्यात मांडला.

फ्रान्समधील काही धर्मगुरूंनी तो विचार कागदावर राहू दिला नाही. सेंत एतियेन या खाणकामगारांच्या शहरात येशूसंघीय फादर फेलिक्स व्होल्पेत यांनी १८९० च्या दशकात बेकार कामगारांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे वाटून दिले. आझब्रूकचे फादर झ्यूल लमीर हे धर्मगुरू असून संसदेचेही सभासद होते. त्यांनी १८९६ साली एक संघ स्थापन केला. त्याच्या नावाचा अर्थ 'जमिनीचा कोपरा आणि घर' असा होतो. गिरणीत बारा तास राबणाऱ्या माणसाला गुत्त्याऐवजी जायला एक हिरवी जागा असावी, तिथे त्याची बायकामुले त्याच्यासोबत असावीत आणि घरी परतताना हातात भाजीची टोपली असावी, एवढा साधा त्यांचा विचार होता. त्या बागा शतकानंतरही फ्रान्समध्ये टिकून आहेत.

दारूने आपल्या वस्त्यांची काय दशा केली आहे, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. त्यावर आपण प्रवचने ऐकतो, नवस करतो, व्यसनमुक्तीची शिबिरे भरवतो. संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाने जावे तरी कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र देत नाही. लमीर यांनी ते दिले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे आक्रंदन आणि गरिबांचे आक्रंदन एकत्र ऐकायला सांगितले. त्या परिपत्रकावर आपल्याकडे किती चर्चासत्रे झाली, किती फलक लागले, किती वृक्षारोपणांची छायाचित्रे छापली गेली! आणि त्यानंतरही आवारांत पेव्हर ब्लॉक बसतच राहिले. आम्ही विचारतो, पृथ्वीचे आक्रंदन दगडाखालून ऐकू येते काय?

नाबोथाचा मळा

आता पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांशी, विशेषतः वसईकरांशी, दोन शब्द. सिद्धेश्वरच्या मजुराकडे जमीन नाही. वसईच्या कॅथलिक कुटुंबाकडे वाडी होती. केळी, पानवेल, पडवळ, दुधी, मोगरा, सोनचाफा. बावखलांत साठलेले पाणी आणि त्या पाण्यावर पोसलेले हिरवे आगर. वसईची भाजी आणि फुले पहाटेच्या गाडीने मुंबईला जात आणि त्या पैशांवर मुले शिकत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने झुंज दिली. त्या चळवळीचे मोल आम्ही जाणतो. २०२४ साली फादर गेले, तेव्हा सर्वांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. श्रद्धांजली वाहणाऱ्या हातांपैकी किती हातांनी मधल्या काळात वाडीच्या विक्रीखतावर सही केली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पवित्र शास्त्रात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, आणि तो कशासाठी? भाजीपाल्याची बाग करण्यासाठी. राजाने चांगला मोबदला देऊ केला, तरी वाडवडिलांचे वतन विकायला नाबोथ तयार झाला नाही आणि त्यासाठी त्याने प्राण दिला. या कथेतून दोन गोष्टी निघतात. पहिली, जमिनीला बाजारभावापलीकडे एक किंमत असते. दुसरी, भाजीची बाग ही आपोआप पुण्याची गोष्ट ठरत नाही. ती कोणाच्या मातीत आणि कोणासाठी, हे आधी पाहावे लागते. बलवानाने हौसेसाठी दुबळ्याची माती घेतली तर ती अहाबाची बाग. संस्थेने आपली माती दुबळ्याला दिली तर तिथे नाबोथाला न्याय मिळतो.

दरवर्षी ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाला आपण नव्या पिकाची कणसे आशीर्वादित करतो. अर्पणविधीत फळाभाज्यांची टोपली वेदीपाशी नेतो. ती कणसे आता कोठून आणावी लागतात? ती टोपली आदल्या संध्याकाळी कोणत्या बाजारातून भरली जाते? भूमीचे फळ आणि मानवी श्रमांचे फळ म्हणून आपण जे अर्पण करतो, त्यात आपली भूमीही नसावी आणि आपले श्रमही नसावेत, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

आमच्या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांची आम्हांस कल्पना आहे. पहिला पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते; अशा प्रदेशात भाजीला पाणी कोठून आणणार? ढोबळ हिशेब करू. माणशी पंधरा लिटर धरले तरी मिशनच्या वसतिगृहातील पन्नास मुलांच्या आंघोळीचे पाणी रोज साडेसातशे लिटर होते. भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला रोज चार लिटर पाणी पुरते; काडीकचऱ्याचे आच्छादन घातले तर त्याहूनही कमी. म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या एका तुकड्याला सुमारे पंच्याहत्तर लिटर. आज गटारात जाणाऱ्या पाण्यावर दहा कुटुंबांचे तुकडे भिजू शकतात. साबणाचे पाणी केळी, पपई, अळू, शेवगा यांना द्यावे आणि कच्च्या खायच्या भाज्यांना टाळावे, एवढे पथ्य पुरे. पावसाचाही हिशेब असाच आहे. चर्चच्या दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर आठशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे दीड लाख लिटर पाणी पडते. गळती वजा जाता त्यातले लाखभर लिटर विहिरीत सोडता येते. पेव्हर ब्लॉकवरून ते वाहून जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे काम शेवटी बाईच्याच डोक्यावर पडेल. दिवसभर मजुरी, मग स्वयंपाक, मग आणखी वाफ्याला पाणी. हा आक्षेप आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच सांगतो की तुकडा कुटुंबाच्या नावे द्यावा, त्यात स्त्रीचे नाव आधी असावे आणि पाणी घालण्याची पाळी पुरुषांची व मोठ्या मुलांची ठरवावी. धर्मग्राम विवाहपूर्व मार्गदर्शनात इतके काही शिकवतो, हेही शिकवावे.

तिसरा आक्षेप आमच्या चळवळीतील मित्रांचा असेल. मजुराला चार वाफे देऊन गप्प बसवायचे आणि किमान वेतनाचा प्रश्न टाळायचा, असा हा डाव नाही ना? तसा तो कोणी करीत असेल तर आमचा त्याला विरोध आहे. भाजीचा तुकडा वेतनाची जागा घेऊ शकत नाही. पण वेतनाचा लढा चालू असताना मुलाच्या ताटात पालेभाजी नको, असे कोणता खरा चळवळ्या म्हणेल?

चौथा आक्षेप असा की, हे काम शासनाचे आहे, ख्रिस्तसभेचे नव्हे. शासनाच्या 'उमेद' अभियानाने बचत गटांतील स्त्रियांमार्फत पोषण परसबागेची मोहीम चालवली आहे. शाळांच्या आवारांतही परसबागा झाल्या आहेत. हे स्तुत्यच आहे. परंतु जिला परसच नाही तिने परसबाग कोठे करावी? आणि जागा तर आपल्याकडे आहे. मिशनने शंभर-सव्वाशे वर्षांत शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांच्यासाठी जी आवारे मिळवली, ती गरिबांच्या नावाने मिळवली. त्यांतील रिकामी माती गरिबांना कामी यावी, ही मागणी उपकाराची नव्हे, हिशेबाची आहे.

आमची मागणी

प्रत्येक धर्मग्रामाने या पावसाळ्याआधी आपले आवार मोजावे. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात. पायवाट आणि खताचा खड्डा सोडला तरी गुंठ्यात दोनशे चौरस फुटांचे चार तुकडे सहज बसतात. दहा गुंठ्यांत चाळीस कुटुंबे. कोल्हापूरच्या 'प्रयोग परिवारा'चे श्री. अ. दाभोलकर दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, असे प्रयोगाच्या आधारे मांडत. आम्ही तर केवळ भाजीपुरती माती मागत आहोत.

हे तुकडे धर्मगुरूंच्या तोंडी परवानगीवर देऊ नयेत. धर्मग्रामात एक उपक्रम उभा राहतो, धर्मगुरूंची बदली होते, नव्यांची आवड वेगळी असते आणि उपक्रम कोलमडतो, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून किमान तीन वर्षांचा लेखी करार असावा, धर्मग्राम परिषदेच्या ठरावाने. खंड घेऊ नये. फार तर वर्षाकाठी एक टोपली भाजी अर्पणविधीला आणावी. तुकडा देताना जात, गट, वर्गणीची थकबाकी यांतले काही पाहू नये. आपल्या गावातील भूमिहीन बिगरख्रिस्ती शेजाऱ्याला तुकडा द्यावा लागला तर तोही द्यावा.

बियाण्यांसाठी दरवर्षी दुकानाच्या पाकिटावर विसंबू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे जपली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेली ही आदिवासी माउली जे करू शकली, ते पदवीधर तरुण मंडळ असलेल्या आपल्या धर्मग्रामांना का करता येऊ नये? वाल, घेवडा, भोपळा, दोडका, अंबाडी यांचे बी राखून ठेवायला मडके आणि राख पुरते.

यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमधील बंदिवानांना पत्र लिहिले होते. त्यांचे मंदिर दुरावले होते, देश सुटला होता, पायाखालची माती परक्याची होती. त्यांनाही त्याने घरे बांधायला, बागा लावायला आणि त्यांचे फळ खायला सांगितले. आपले मजूर बांधव दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला परमुलखात जातात. त्यांचे बंदिवासाचे दिवस अजून संपलेले नाहीत. आणि आपल्या उद्धारकर्त्याला पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेनाने पाहिले, ते माळी समजून. तिची ती चूक आपल्याला प्रत्येक पास्काला ऐकवली जाते. ज्या सभेचा प्रभू माळी म्हणून ओळखला गेला, त्या सभेच्या आवारात माळ्याला पाय ठेवायला माती उरू नये?

पुढच्या वेळी फरसबंदीची वर्गणी मागायला कोणी दारी आले, तर वाचकहो, पावती फाडण्याआधी एवढेच विचारा : आपल्या धर्मग्रामात भूमिहीन कुटुंबे किती, आणि त्यांच्यासाठी किती माती मोकळी ठेवली आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आम्ही तरी त्या कामाला एक रुपया देणार नाही.